हेड बदलू की प्रिंटरच?

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी सहा शायांचा, टाकीवाला फोटो प्रिंटर 18 हजारांना घेतला. निवृत्तीनंतर पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला आहे. त्यातले निवडक घरीच छापते. यंदा उन्हाळ्यात दोन-अडीच महिने लेकीकडे राहून आले आणि पाहते तर प्रत्येक फोटोत आडवे पांढरे पट्टे. दुरुस्तीवाल्याने 'हेड गेलं' म्हणून साडेनऊ हजारांचा अंदाज दिला. याच वर्गातला नवा प्रिंटर 25 हजारांच्या घरात आहे. आमचे शेजारी म्हणतात, तीन-साडेतीन हजारांत अख्खा प्रिंटर येतो आणि तुम्ही त्याच्या एका तुकड्याला साडेनऊ हजार मोजणार? एक सुटा भाग अख्ख्या यंत्राहून महाग कसा, हे मला खरंच कळत नाही. आणि मी आता काय करावं?
— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : आधी शेजाऱ्यांचं पाहू, कारण निम्मं उत्तर त्यांच्या टोमण्यातच आहे. तीन-साडेतीन हजारांच्या प्रिंटरला बहुधा वेगळं हेड नसतंच. शाई फेकणारी छिद्रं कार्ट्रिजच्याच बुडाला असतात. कार्ट्रिज संपलं की शाईबरोबर हेडही कचऱ्यात जातं आणि नव्या कार्ट्रिजबरोबर नवं हेड घरी येतं. म्हणजे तुमचे शेजारी दर काही महिन्यांनी हेड विकत घेतच असतात, फक्त पावतीवर त्याचं नाव शाई असतं.

असं का, हे कळायला थेंब कसा उडतो ते पाहावं लागेल. त्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत छिद्रामागची इवलीशी पट्टी क्षणभर तापते, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. 1977 साली कॅनॉनचे संशोधक इचिरो एन्डो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, सुईतून शाई उडाली आणि तिथे ही कल्पना सुचली, असं सांगतात. एचपीनेही साधारण त्याच काळात स्वतंत्रपणे हीच वाट शोधली आणि 1984 मध्ये 'थिंकजेट' बाजारात आणला. त्याचं हेड शाई संपली की टाकून द्यायचंच होतं. सारखी तापणारी पट्टी झिजते, तिच्यावर शाईची पुटं चढतात. तेव्हा हेड स्वस्तात बनवायचं आणि वरचेवर बदलायचं, हा त्यांनी काढलेला मार्ग.

दुसऱ्या रीतीत तापवणं नाही. विजेचा दाब दिला की किंचित आकार बदलणारा पदार्थ असतो, तो शाईच्या कप्प्याला चिमटतो आणि थेंब सुटतो. याला पिझो म्हणतात. एप्सनने 1990 च्या दशकात ही पद्धत घरगुती प्रिंटरमध्ये रुळवली. हे हेड वर्षानुवर्षं चालतं, पण बनवायला महाग, म्हणून ते यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं. सहा शायांच्या घरगुती फोटो प्रिंटरचा सर्वांत लहान थेंब साधारण दीड पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोलिटर. सहा रंगांचे असे थेंब कागदावर नेमक्या जागी टाकणारा भाग म्हणजे प्रिंटरचं बहुतेक सगळं मोल. उरलं काय? प्लास्टिक, दोन-तीन मोटारी आणि एक बोर्ड. शिवाय कारखान्यात लाखांनी जोडल्या जाणाऱ्या यंत्रातल्या हेडचा भाव वेगळा आणि गोदामात एकेक डब्यात पडून राहून, आयात होऊन, कारागिराच्या मजुरीसकट तुमच्यापर्यंत येणाऱ्या हेडचा भाव वेगळा. तेव्हा साडेनऊ हजारांचा आकडा ऐकून मला फसवणुकीचा वास येत नाही. वास येतो तो निदानाच्या घाईचा.

नागपूरचा उन्हाळा, बंद घर आणि अडीच महिने न हललेला प्रिंटर. शाईत बहुतांश पाणीच असतं. केसाहून बारीक छिद्रात ते सुकलं की रंगाचा बोळा बसतो. तुमचं हेड मेलेलं नसून वाळलेलं असावं, असा माझा कयास आहे, आणि तो घरबसल्या पडताळता येतो.

प्रिंटरच्या मेनूत 'नोझल चेक' असतो. साध्या कागदावर तो काढा. प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची जाळी उमटेल. मग एकदा हेड क्लिनिंग करा, पुन्हा नोझल चेक काढा आणि दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरा. तुटलेल्या जागा दर खेपेला बदलत असतील तर हेड शाबूत आहे. शाईच्या नळीत हवा शिरली असेल, डॅम्पर (हेडच्या तोंडाशी असलेला शाईचा छोटा कप्पा) नीट भरत नसेल, किंवा हेड विसाव्याला ज्या रबरी टोपीवर टेकतं ती टोपी हवा सोडत असेल. हेडच्या मानाने ही सगळी किरकोळ कामं. तुटलेल्या जागा तिथल्या तिथेच, पण क्लिनिंगनंतर थोड्या कमी दिसल्या, तर छिद्रं वाळली आहेत आणि सुटू शकतात. टाकीत शाई आहे, नळी भरलेली आहे, तरी एखादा रंग पूर्णच गायब आणि काही केल्या रेघही उमटत नाही, असं असेल तर हेडमधला विजेचा भाग जळल्याचा संशय रास्त आहे. आणि जाळी अखंड असूनही फोटोत पट्टे दिसत असतील तर दोष अलाइनमेंटचा किंवा चुकीचा कागद निवडल्याचा. त्याला एक पैसा लागत नाही.

क्लिनिंग दोनदा करून थांबा, रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा बघा. वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो. एका बैठकीत दहा-दहा वेळा बटण दाबणारे हौशी लोक शाई संपवतात आणि वर दुसरं दुखणं ओढवून घेतात, कारण क्लिनिंगची सगळी शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजात जाते. त्या स्पंजाचा हिशेब यंत्र स्वतः ठेवतं आणि तो भरला की छपाईच बंद करतं. बाजारात याला 'पॅड फुल' म्हणतात. तेवढ्यावरून प्रिंटर भंगारात देणारे लोक आहेत, हे ऐकून वाईट वाटतं, कारण पॅड बदलून काउंटर रिसेट केला की यंत्र पुन्हा पहिल्यासारखं चालतं. मात्र पॅड न बदलता नुसतं सॉफ्टवेअरने आकडा शून्यावर आणून देणाऱ्यांपासून सावध राहा. जास्तीची शाई मग टेबलावर येते.

क्लिनिंगने भागलं नाही तर नव्या हेडचा विचार करण्याआधी एखाद्या जाणत्या कारागिराकडून 'हेड वॉश' करून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत हे काम करणारे आहेत. तुमच्या सीताबर्डीतही विचारून पाहा. काम करताना तो सिरिंजने जोर लावून द्रव आत मारत असेल तर त्याला थांबवा. आतल्या कप्प्यांना तो दाब सोसत नाही आणि मग हेड खरंच जातं.

आता धरून चालू की हे सगळं केलं आणि हेड गेलेलंच निघालं. इथे लोक एक ढोबळ नियम सांगतात : दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग असेल तर नवं घ्या. तुमचे साडेनऊ हजार 25 च्या निम्म्याहून कमी आहेत, म्हणजे या नियमाने दुरुस्ती करावी. मला हा नियम अर्धवट वाटतो, कारण त्यात तुम्ही फोटो किती छापता हे कुठेच येत नाही.

हिशेब करून पाहा. 4 बाय 6 चा फोटो लॅबमधून 15 रुपयांना मिळतो असं धरू. घरी कागद आणि शाई मिळून 7 रुपये धरू. (तुमच्या गावचे भाव घाला, रीत तीच.) म्हणजे घरी छापलेल्या फोटोमागे 8 रुपये वाचतात. साडेनऊ हजार भरून निघायला जवळजवळ 1,200 फोटो छापावे लागतील. 25 हजारांसाठी 3,100 च्या वर. ए4 चा एक फोटो 4 बाय 6 च्या चार फोटोंएवढा धरा, क्षेत्रफळ तेवढंच भरतं. आता गेल्या वर्षात किती कागद संपले ते आठवा. पाच वर्षं जुन्या यंत्रात नवं हेड बसवलं तर पुढची दोन-तीन वर्षं ते बरं चालेल. त्यानंतर रोलर, पंप, बोर्ड यांपैकी कुणीतरी मान टाकेलच. तेवढ्या काळात 1,200 फोटो होत असतील तर हेड बदला. आठवड्याला दोन-तीनच होत असतील तर दुरुस्तीही नको आणि नवाही नको. फोटो लॅबला पाठवा आणि उरलेल्या पैशांत चांगला कागद मागा.

अर्थात छंदाला हिशेब पुरत नाही. तांबटाच्या कपाळावरचा लाल रंग आपल्याला हवा तसा येईपर्यंत रात्री अकरा वाजता तिसरा कागद घालण्यात जे सुख आहे ते लॅब देऊ शकत नाही, आणि त्याची किंमत ठरवणारा मी कोण? फक्त ते पैसे छंदाच्या खात्यात टाका, बचतीच्या नको.

हेड बदलायचंच ठरलं तर तीन गोष्टी लेखी घ्या : हेड नवं आहे की दुसऱ्या यंत्रातून काढलेलं, त्यावर किती महिन्यांची हमी, आणि बसवण्याआधी बोर्ड तपासला का. शाई केबलमध्ये उतरून हेड जळलं असेल तर बोर्डावरही घाव असतो, आणि अशा बोर्डाला जोडलेलं नवं हेड पहिल्याच मिनिटाला जळू शकतं.

नवाच घ्यायचा असेल तर डब्यावरच्या मोठ्या आकड्यांकडे फार पाहू नका. '5760 डीपीआय' हा थेंबांच्या जागांचा आकडा आहे, तुमच्या फोटोच्या बारकाव्यांचा नव्हे. 4 बाय 6 च्या उत्तम छपाईला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात, म्हणजे मोबाइलने काढलेल्या कुठल्याही फोटोत त्याहून जास्तच असतात. शायांची संख्या मात्र पाहा. सहा शायांच्या बऱ्याच प्रिंटरांत नेहमीच्या चारखेरीज फिका निळा आणि फिका गुलाबी असतो. आकाश आणि चेहरा यांसारख्या फिकट जागा चार गडद रंगांत रंगवायच्या तर ठिपके दूरदूर टाकावे लागतात आणि फोटो रवाळ दिसतो. फिक्या शाया असल्या की तो रवा जातो. तुम्हाला पक्ष्यांची पिसं छापायची आहेत, तेव्हा चार शायांवर येऊ नका.

चार शायांचा घेणाऱ्या इतर वाचकांनी एवढं विचारावं की काळी शाई पिगमेंटची आहे का. काही टाकीवाल्या प्रिंटरांत काळी पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या सूक्ष्म कणांची, आणि रंगीत डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते. कार्यालयीन मजकुराला पिगमेंटची काळी झकास, पण चकचकीत फोटो कागदावर ती वापरली जात नाही. तिथे तीन रंग मिसळून काळं केलं जातं आणि केस तपकिरी दिसतात.

त्यानंतर पाहायचं ते दुरुस्तीच्या दृष्टीने. क्लिनिंगची शाई साठवणारी पेटी आपल्या हाताने बदलता येते का? काही नव्या मॉडेलांत ती येते, त्यामुळे 'पॅड फुल'चा फेरा वाचतो. हेड आपल्याला काढता येतं का? कॅनॉनच्या जी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत येतं, आणि ते कार्ट्रिजसारखं विकत मिळतं. जाड कागद मागून सरळ घालता येतो का? वळवून घेणाऱ्या ट्रेमध्ये जाड फोटो कागद अडकतो. आणि कपाटात जुन्या शाईच्या न उघडलेल्या बाटल्या असतील तर त्या नव्याला चालतात का ते आधी बघा. एप्सनच्या एल 805 ला 673 क्रमांकाच्या बाटल्या लागत, त्याच्या जागी आलेल्या एल 8050 ला 057 च्या लागतात. सहा बाटल्यांचे पैसे असे नकळत नव्या प्रिंटरच्या किमतीत मिळवावे लागतात.

प्रश्न : माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. सध्या टाकीवाल्या इंकजेटवर फोटो काढतो. ओल्या हाताचा डाग पडला की गिऱ्हाईक परत येतं. कंपनीचा माणूस डाय-सब्लिमेशन प्रिंटर घ्या म्हणतो, पण त्याचा रोल महाग आहे. बदल करावा का?
— एक दुकानदार, सांगली

उत्तर : दिवसाकाठी गिऱ्हाईक किती, यावर सगळं आहे, पण तुमच्या धंद्याला डाय-सब मानवतो असं माझं मत आहे. त्यात पातळ शाई नसते. रंगाच्या फितीवर पिवळा, किरमिजी आणि निळा असे पट्टे असतात. थर्मल हेड त्यांना तापवतं आणि रंग वाफ होऊन कागदाच्या थरात शिरतो. तीन रंग झाले की चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर बसतो. त्यामुळे फोटो यंत्रातून कोरडाच बाहेर येतो आणि ओल्या बोटाला दाद देत नाही. तुमची मुख्य तक्रार तिथेच संपते. शिवाय दिवाळीत चार दिवस दुकान बंद ठेवलं तरी वाळायला काही नाही.

रोल महाग वाटतो कारण तो एकरकमी घ्यावा लागतो. पण त्यात कागद आणि रंग दोन्ही आले, आणि फोटोंची संख्या ठरलेली. डीएनपी कंपनीच्या आरएक्स 1 या डाय-सबला 4 बाय 6 चे 700 फोटो एका रोल-संचात निघतात. रोलच्या किमतीला 700 ने भागा, एका कागदाचा पक्का खर्च हातात आला. इंकजेटमध्ये असा पक्का आकडा कधीच मिळत नाही, कारण क्लिनिंगमध्ये गेलेली शाई कुणी मोजत नाही. 4 बाय 6 च्या एका कागदावर 35 बाय 45 मिलिमीटरचे आठ फोटो बसतात आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी लागणारे 2 बाय 2 इंचाचे सहा. एका गिऱ्हाइकामागे एक कागद, इतका सोपा हिशेब.

गैरसोयही ऐका. फितीचा पट्टा पूर्णच खर्च होतो, मग फोटोत रंग कितीही कमी असो. ए4 छापणारा डाय-सब दुकानाच्या आवाक्यातला नसतो, त्यामुळे मोठ्या फोटोंसाठी इंकजेट ठेवावाच लागेल. धूळ हा याचा शत्रू. रस्त्यालगतच्या दुकानात कण आत गेला की फोटोवर ठिपका, आणि हेडवर ओरखडा आला की प्रत्येक फोटोत त्याच जागी उभी रेघ. रेघ दिसताच हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून पाहा. गेली तर मळ होता, राहिली तर ओरखडा आहे आणि हेडच बदलावं लागतं.

एक गोष्ट कंपनीचा माणूस बहुधा सांगणार नाही. वापरलेल्या फितीवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याची उलटी प्रतिमा स्पष्ट उरते. पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याने ती फीत अख्खी कचराकुंडीत टाकू नये. कापून टाका.

दिवसाला पाच-सहाच गिऱ्हाइकं असतील तर एवढ्या मोठ्या यंत्राची गरज नाही. कॅनॉनच्या सेल्फीसारखा छोटा डाय-सब आहे. त्याचा संच 108 फोटोंचा येतो आणि प्रत्येक फोटोला मिनिटभराच्या आत-बाहेर वेळ लागतो. प्रतिफोटो खर्च मोठ्या यंत्राहून जास्त, पण भांडवल कमी अडकतं.

प्रश्न : बाटलीत मिळणारी लोकल शाई वापरली तर खरंच हेड खराब होतं का, की कंपन्या घाबरवतात?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही. कंपन्या घाबरवतात, कारण त्यांची कमाई त्यात आहे. टाकीवाल्या प्रिंटरचा जन्मच लोकल शाईमुळे झाला : लोक कार्ट्रिजला नळ्या जोडून बाहेरून शाई भरू लागले, तेव्हा एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला. त्यानंतर अस्सल शाईही इतकी स्वस्त झाली की लोकल शाईने वाचणारे पैसे आता फार नाहीत.

कॉलेजचे प्रोजेक्ट छापायचे असतील आणि प्रिंटरची हमी संपलेली असेल तर बेलाशक वापरा. ठेवायचे फोटो छापायचे असतील तर नको. लोकल शाईचा खरा दोष हेडपेक्षा रंग उडण्यात दिसतो. एक पथ्य पाळा : दोन कंपन्यांच्या शाया एका टाकीत मिसळू नका. डाय शाईच्या प्रिंटरमध्ये पिगमेंट तर मुळीच नाही, तिच्यातले कण साका धरतात.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाचा फोटो स्कॅन करून घरच्या प्रिंटरवर मोठा छापला आणि भिंतीवर लावला. दोन वर्षांत तो तांबूस झाला. दुसरा प्रिंटर घ्यावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रिंटर बदलून हे दुखणं जाईलच असं नाही. रंग उडवणारे दोघे आहेत, उजेड आणि हवा. हवेतला ओझोन डाय शाईतल्या निळ्या रंगाला आधी खातो. निळा गेला की उरलेलं तांबूस-नारिंगी दिसतं. 2000 साली एप्सनच्या 870 आणि 1270 या प्रिंटरांवर, त्याच कंपनीच्या चकचकीत कागदावर छापलेले फोटो काही ठिकाणी थोड्याच दिवसांत नारिंगी झाले आणि मोठा गाजावाजा झाला, त्याचं कारण हेच. फोटो किती टिकतो हे मोजण्यात हयात घालवलेले अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म सांगतात की टिकाऊपणा कागद आणि शाई या जोडीचा असतो, एकट्या शाईचा नाही. बाजारात शंभर कागदांचा स्वस्त चकचकीत गठ्ठा मिळतो, तो घडीभर सुंदर दिसतो, पण या बाबतीत त्याचा भरवसा नाही.

तोच फोटो पुन्हा छापा, पण प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्याच चांगल्या कागदावर. एक दिवस सावलीत वाळू द्या आणि काचेच्या चौकटीत, काचेला न चिकटवता बसवा. काच हवा अडवते आणि उन्हातले अतिनील किरणही बऱ्याच प्रमाणात थोपवते. खिडकीसमोरची भिंत टाळा. कोकणात पावसाळ्यात भिंत घाम धरते, तेव्हा चौकटीच्या मागे बुचाचे छोटे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. एकच फोटो पिढ्यान्पिढ्या टिकवायचा असेल तर पिगमेंट शाईचा, ए3 छापणारा प्रिंटर असलेला एखादा आर्ट प्रिंट करणारा स्टुडिओ गाठा. एका फोटोसाठी असं यंत्र विकत घेणं हा शुद्ध अपव्यय.

मूळ फोटो कृष्णधवल असेल तर तो तुमच्या छापील प्रतीहून जास्त जगेल. तो अल्बममधून काढून फेकू नका, आणि निगेटिव्ह सापडली तर स्कॅन तिच्यावरून करा.

प्रश्न : फोटो प्रिंटर वापरत नसताना स्विच बंद ठेवावा की चालू?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बंद, पण आधी प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने. बटण दाबलं की हेड आपल्या रबरी टोपीवर जाऊन बसतं आणि छिद्रं झाकली जातात. भिंतीवरचं बटण परस्पर बंद केलं, किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड वाटेतच उघडं राहतं. वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करा. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेला छोटा फोटो किंवा निदान नोझल चेक काढा. गावाला जाताना ते काम शेजारच्या मुलाला सांगून जा.

आणि शेवटी ज्यांचा प्रिंटर खरोखरच संपला आहे त्यांच्यासाठी : 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. भंगारवाल्याला देण्याआधी कंपनीच्या जमा केंद्रात घेतात का विचारा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतही अधिकृत केंद्रं सापडतात. दुरुस्ती करायची असेल तर केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल 24 डिसेंबर 2022 पासून सुरू आहे. आपली कंपनी त्यावर आहे का, सुट्या भागांबद्दल आणि हमीबद्दल तिने काय लिहिलं आहे, ते खरेदीच्या आधी वाचा.

प्रिंटरविषयी पुढे प्रश्न पाठवणाऱ्यांनी मॉडेलचा क्रमांक, खरेदीचं वर्ष, महिन्याला सरासरी किती फोटो छापता आणि नोझल चेकच्या कागदाचा स्पष्ट फोटो, एवढं जरूर पाठवावं.